कुकर म्हणजे मीच!

चित्रातलं मला कळतं. हसू नका! चित्र काढता येत नाही, हे मान्य. शाळेत मी काढलेल्या गाईला आमच्या बाईंनी 'डोंगर छान आलाय' म्हणून शाबासकी दिली होती. पण काढणं वेगळं आणि कळणं वेगळं. मला कळतं! निदान त्या रविवारी दुपारपर्यंत तरी माझी तशी पक्की खात्री होती.

माझी बायको शाळेत चित्रकला शिकवते. म्हणजे वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या पोरांची फुलपाखरं तपासते. स्वतःचं चित्र काढायला तिला सवड म्हणून नव्हतीच. या वर्षी मात्र तिने हिंमत केली, एक कच्चा आराखडा मोठ्या प्रदर्शनाला पाठवला आणि चक्क निवड झाली! पहिलंवहिलं प्रदर्शन! आता रंगवलेलं चित्र सोमवारी दुपारपर्यंत तिथे पोचवायचं. नाही पोचलं तर भिंतीवरची ती जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार, असं त्यांनी स्पष्ट बजावलं होतं.

चित्राचं नाव 'आमची माणसं'. आणि चित्रात माणूस एकही नाही! एक जुनं लाकडी टेबल आणि त्यावर चार वस्तू. अर्धी जळालेली मेणबत्ती, शिंप्याची कात्री, थर्मास आणि मधोमध चकचकीत प्रेशर कुकर. बस्स!

"याला स्थिरचित्र म्हणतात," बायको म्हणाली.

"माणसं कुठायत पण?"

"बघत राहा. दिसतील."

आता मला असं कोड्यात बोललेलं खपत नाही. मी विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या विभागात काम करतो. फुटलेल्या काचेकडे एकदा पाहिलं की दगड कुठून आला ते मी सांगतो! मी तडक लायब्ररीत गेलो आणि स्थिरचित्रांवरचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आलो. पहिलं प्रकरण वाचलं आणि थक्कच झालो! जुन्या चित्रकारांच्या चित्रात म्हणे साधं लिंबूसुद्धा उगाच ठेवलेलं नसायचं. प्रत्येक वस्तूमागे काही ना काही दडलेलं! पुढची प्रकरणं मी नुसती चाळली. मुद्दा कळला होता ना!

आणि मग मला चित्र धडाधड दिसायला लागलं. मेणबत्ती बायकोने माझ्या आत्याकडून मागून आणली होती. म्हणजे मेणबत्ती म्हणजे आत्या! कात्री सासऱ्यांची, म्हणजे कात्री म्हणजे सासरे. थर्मास मेहुण्याचा. मग उरला कोण? कुकर! सगळ्यांत मोठा, मधोमध, चकचकीत, दाब सहन करणारा आणि वेळ आली की सगळ्या घराला ऐकू जाईल असा बोलणारा! मला अगदी भरून आलं. इतकी वर्षं संसार झाला, पण बायकोने माझं कौतुक कधी तोंडाने केलं नव्हतं. रंगाने केलं!

मी तिला काही बोललो नाही. फक्त येता-जाता कुकरकडे बघून जरा ताठ चालायला लागलो.

तर तो रविवार. चित्र जवळजवळ झालं होतं, फक्त वस्तूंवरचा उजेड रंगवायचा बाकी होता आणि नेमका पांढरा रंग संपला. चहाला आत्या, सासरे आणि मेहुणा येणार होते. आपापल्या वस्तूंचं काय झालंय ते बघायची तिघांनाही उत्सुकता. बायकोने चपला घातल्या आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"मी रंग घेऊन येते. टेबलावरच्या कशालाही हात लावायचा नाही."

"मी कशाला लावतोय?"

"प्रत्येक वस्तूभोवती खडूची खूण आहे. तसूभरही हललं तर उजेड चुकतो. तू सोफ्यावर बस. पेपर वाच. श्वास घे. बाकी काहीही करू नकोस!"

मी बसलो. पेपर वाचला. श्वासही घेतला. पण बसल्या बसल्या नजर गेली टेबलाखाली. टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली होती! बुटांच्या खोक्याचा मळकट तुकडा, त्यावर चहाचे डाग. शी! वर एवढी उच्च कला आणि पायाशी हा कचरा? पाहुणे काय म्हणतील? आता बायकोचे शब्द आठवा. टेबलावरच्या कशालाही हात लावायचा नाही. टेबलाखालचं ती काही बोलली नव्हती!

मी पुठ्ठा ओढून काढला. टेबलाने किंचित मान डोलावली. मला वाटलं, आभार मानतंय. तेवढ्यात जिन्यात कचरेवाल्या बाईंची हाक ऐकू आली, तर मी तत्परतेने घरातला डबाच्या डबा त्यांच्या पिशवीत रिकामा केला. पुठ्ठ्यासकट!

हात धुतो न धुतो तोच बेल वाजली. चहाची वेळ अजून बरीच लांब होती, पण आत्या आयुष्यभर मुख्याध्यापिका होती. ती वेळेआधीच येते आणि वेळेवर येणाऱ्यांना उशिरा आलात म्हणते. शेजारच्याच इमारतीत राहते. येताना खालच्या फाटकाशी वेळ काढत उभ्या असलेल्या सासऱ्यांना आणि मेहुण्यालाही तिने गाठून वर आणलं होतं. सासरे शिंपी. हल्ली दुकान बंद केलंय, पण अजूनही माणूस दिसला की आधी खांद्यांची मापं बघतात. मेहुणा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर. घरात शिरतानासुद्धा उजवी-डावीकडे बघून शिरतो.

तिघंही चित्रासमोर ओळीने उभे राहिले. चित्र ईझलवर, म्हणजे त्या तीन पायांच्या लाकडी घोडीवर, आणि शेजारी खरं टेबल.

"हं," आत्या म्हणाली, "मेणबत्ती हुबेहूब आलीय. पण हिचा अर्थ काय? सूनबाई काही सांगायलाच तयार नाही."

आता या क्षणी मी 'ती आली की विचार' एवढं म्हणालो असतो, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण माझ्या पोटात अख्खं पहिलं प्रकरण होतं हो!

"फार खोल अर्थ आहे, आत्या! अर्धी जळलेली मेणबत्ती म्हणजे आयुष्य! जळत जळत संपत आलेलं!"

"कुणाचं?"

"मेणबत्ती कुणाची?"

आत्याचे डोळे एवढाले झाले.

"म्हणजे सूनबाईने माझे दिवस मोजलेत?"

"मोजले नाहीत गं! हा अंदाज असतो!" मी ऑफिसातल्या सवयीने म्हणालो. "आणि अर्धी म्हणजे बरीच शिल्लक आहे की."

आत्याने वाकून मेणबत्तीला बोटांचं माप लावलं. "अर्धी? ही पावसुद्धा उरली नाहीये!"

मेहुणा खो खो हसला. सासऱ्यांनी विषय बदलावा म्हणून हळूच विचारलं, "आणि जावईबापू, कात्री?"

खरं सांगायचं तर कात्री पहिल्या प्रकरणात नव्हती. पण एकदा नजर तयार झाली की पुस्तक कशाला लागतं?

"कात्री काय करते, बाबा?"

"कापते. जन्मभर तेच तर केलं मी."

"बरोबर! काय कापते? धागे! नाती! बाप आणि लेक यांच्यात आलेला दुरावा आहे हा!"

सासऱ्यांचा चेहरा खर्रकन उतरला. ते मटकन खुर्चीत बसले. "मी तोडलं तिला? कधी? काय केलं मी?"

"तसं ती म्हणाली नाही. पण चित्र बोलतंय ना!"

"भावोजी," मेहुणा आता हसायचा थांबला होता, "माझा थर्मास काय बोलतोय?"

इथे तरी मी थांबावं की नाही! पण उतारावर सुटलेल्या हातगाडीसारखी माझी जीभ चालली होती.

"थर्मास बाहेरून गार लागतो. आत मात्र उकळतंय! म्हणजे ओठांवर एक आणि पोटात एक!"

"मी? दुतोंडी?" मेहुण्याचा आवाज चिरकला. "ताईने मला असं काढलं? तिचे ते एवढे मोठे कॅनव्हास बसच्या टपावर घालून कुणी आणले? डेपोत शिव्या कुणी खाल्ल्या?"

"अरे, हे सगळं प्रतीकात्मक असतं..."

"आणि तुम्ही कोण या चित्रात?"

मी जरा लाजलो. खाली बघितलं. मग शक्य तेवढ्या नम्रपणे म्हणालो, "कुकर म्हणजे मीच!"

बास! स्फोट झाला!

"वा रे वा!" आत्या कडाडली. "मी मरायला टेकलेली, हे नाती तोडणारे, हा दुतोंडी, आणि तू मधोमध चमकतोयस?" आणि तिने, पूर्वी गोंगाट करणाऱ्या वर्गाला गप्प करायला टेबलावर हात आपटायची ना, तसा धाडकन हात आपटला!

टेबल एका बाजूला कललं. हो, त्याच बाजूला! कुकर घसरला. मी 'अरे अरे' म्हणेपर्यंत खाली कोसळला. झाकण एकीकडे, शिट्टी दुसरीकडे, आणि कुकर गडगडत जाऊन ईझलच्या पायावर आदळला. ईझलने दोन्ही हात वर केल्यासारखं केलं आणि चित्र पालथं व्हायला निघालं! मी झेप घेतली. आयुष्यात कधी झेल पकडला नाही, तो त्या दिवशी पकडला. चित्र वाचलं! फक्त माझा उजवा पंजा अख्खाच्या अख्खा चित्राच्या खालच्या कोपऱ्यात टेकला होता. आणि रंग ओला होता.

आत्याने मेणबत्ती उचलली. "जेवढी उरलीय तेवढी माझ्या घरी जाळीन!" सासऱ्यांनी कात्री खिशातल्या रुमालात गुंडाळली. मेहुण्याने थर्मास काखेत मारला आणि या खेपेला उजवी-डावीकडे न बघताच बाहेर पडला.

टेबलावर उरल्या खडूच्या खुणा. जमिनीवर पोचा पडलेला कुकर. आणि मधोमध तपकिरी पंजा वर धरून उभा असलेला मी. नुकसानभरपाईच्या विभागात असली प्रकरणं मी पहिल्याच नजरेत नामंजूर करतो!

बायको आली. दारातच थिजली. हातातली रंगाची ट्यूब गळून पडली. तिने आधी टेबलाकडे पाहिलं, मग चित्राकडे, मग माझ्या पंजाकडे. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं हो! ती सरळ जमिनीवर बसली.

"माणसं कुठे गेली?" तिने बारीक आवाजात विचारलं.

"रागावून गेली. चहासुद्धा न घेता."

"टेबलावरची विचारतेय मी."

मग मला सगळं सांगावं लागलं. मेणबत्तीपासून थर्मासपर्यंत. प्रत्येक वाक्याला तिचा आ आणखी मोठा होत गेला.

"हे सगळं तुला सांगितलं कुणी?"

"पुस्तकाने!"

"कितव्या प्रकरणात?"

"पहिल्या."

"अरे, ते जुन्या काळच्या चित्रकारांचं आहे! पुढची पानं वाचली असतीस तर कळलं असतं. आताचे चित्रकार म्हणतात, माझ्या घरातल्या मेणबत्तीला जगाचा अर्थ कशाला? माझ्या घरचाच अर्थ असू दे!" तिने खडूच्या रिकाम्या खुणांकडे बोट केलं. "लग्नानंतर मी चित्रकलेची परीक्षा दिली, आठवतंय? शेवटचं चित्र अर्धवट असताना वीज गेली. आत्या मेणबत्ती घेऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. बोटांवर मेण सांडत होतं, तरी हलल्या नाहीत. टेबलावरची मेणबत्ती तीच. उरलेला तुकडा त्यांच्या कपाटात पडून होता, तो मी मागून आणला."

मी माझ्या तपकिरी बोटांकडे बघत राहिलो.

"बाबांनी माझ्या पहिल्या कॅनव्हाससाठी गिऱ्हाइकाचं नवंकोरं कापड त्या कात्रीने कापलं आणि बोलणी खाल्ली. आणि मला लांबच्या शाळेत नोकरी लागली होती, तेव्हा माझा भाऊ रोज सकाळी गाडी थांबवून माझ्या हातात तो थर्मास द्यायचा. गरम चहा! एक दिवस चुकला नाही. आणि तू त्याला दुतोंडी म्हणालास?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. तरी एवढ्यातही माझ्या तोंडून प्रश्न निसटलाच. "आणि... कुकर?"

"कुकर मी आहे."

"तू?"

"दिवसभर सगळी वाफ आत धरून बसते ती मी! आणि आता शिट्टी होणार आहे. लांब हो!"

मी सोफ्यामागे गेलो. शिट्टी झाली. तिचा तपशील इथे देत नाही, वरच्या मजल्यावरच्यांना विचारा. शिट्टी ओसरल्यावर मी मान बाहेर काढली.

"मग मी कुठेय? सगळे आहेत, मीच नाही?"

ती टेबलाकडे वळली, वाकली आणि दचकून ताठ झाली. "पुठ्ठा कुठे गेला?"

"कुठला पुठ्ठा?" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"टेबलाच्या पायाखालचा! अरे, तो तूच होतास!"

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. ती म्हणाली, "कुणाला दिसत नाही, कुणी विचारत नाही. पण काढला की अख्खं घर डुगडुगायला लागतं. म्हणून चित्रात सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत जपून तुला काढलं होतं. तिथे!" आणि तिने बोट दाखवलं. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, बरोबर माझ्या पंजाच्या ठशाखाली.

म्हणजे बघा! मी आधी स्वतःला ओढून काढलं, मग स्वतःच्या हाताने कचऱ्यात घातलं, आणि उरलासुरला जो चित्रात होतो, तोही पंजा टेकवून पुसला! नुकसान शंभर टक्के. आणि दगड मारणारा मीच!

कचरेवाल्या बाई तर कधीच निघून गेल्या होत्या. आता पुठ्ठा मिळणार नव्हता. पण माणसं मिळण्यासारखी होती. मी तसाच तपकिरी हाताने आत्याकडे धावलो. दार फटीएवढंच उघडलं.

"जिवंत आहे अजून," फटीतून आवाज आला. "काय काम आहे?"

मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं. परीक्षा, गेलेली वीज, बोटांवरचं मेण. आत्याने दार पूर्ण उघडलं. तिने आपल्या बोटांकडे बघितलं.

"भाजलं होतं खरं," ती हळूच म्हणाली. "पण तिला कसं कळलं? मी तर हूं की चूं केलं नव्हतं." आणि मेणबत्ती घ्यायला ती लगबगीने आत वळली.

सासरे बसस्टॉपवर भेटले. तिथेच बाकावर बसले होते, मांडीवर रुमालाचं गाठोडं. मी कापडाची गोष्ट काढताच म्हणाले, "रेघांचं होतं ते कापड. तिने सगळ्या रेघा रंगवून झाकल्या." आणि खूप वेळ डोळे पुसत राहिले. मेहुण्याला फोन लावला तर त्याने दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला तो ओरडायलाच. मी ओरडू दिलं. मग थर्माससकट आला. आल्याबरोबर म्हणाला, "चहा भरूनच आणलाय. ताईला लागेल."

सोमवारी सकाळी ऊन टेबलावर यायच्या आत सगळ्या वस्तू आपापल्या खडूच्या खुणेवर होत्या. मी नवा पुठ्ठा कापून पायाखाली सारला. कुकरला पोचा आला होता, तोही बायकोने रंगवला. म्हणाली, "कालपासून आहेच की तो." सगळीकडे उजेड रंगवून झाला. कोपऱ्यातला पुठ्ठा तेवढा राहिला.

"वेळ नाही," तिने ब्रश खाली ठेवला. "तुझा ठसा राहू दे तसाच. तूच आहेस, चालेल!"

चित्र वेळेत पोचलं. मेहुण्याने ते असं नेलं की वाटेत एका खड्ड्याची चाकाशी ओळख होऊ दिली नाही!

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही पाचही जण इस्त्रीचे कपडे घालून चित्रापासून जरा लांब उभे होतो. चित्रासमोर गर्दी! बायको तर रडायचीच बाकी होती. एक दाढीवाले समीक्षक लोकांना समजावून सांगत होते.

"वरच्या वस्तू साध्या आहेत. पण खाली पाहा! हा तपकिरी पंजा! हा आधुनिक माणसाचा आक्रोश आहे! संस्कृतीच्या भाराखाली चिरडला गेलेला, मदतीसाठी हात वर करणारा..."

लोक 'वा वा' करत होते. मीही मान हलवायला लागलो होतो. काय सांगावं, असेलही! तेवढ्यात आत्याचा मुख्याध्यापिकेचा आवाज अख्ख्या दालनात घुमला.

"आक्रोश कसला मेला! तो माझा भाचा आहे! टेबल डुगडुगतं म्हणून खाली घातलाय!"

सगळं दालन वळून माझ्याकडे बघायला लागलं. समीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं, आणि वहीत काहीतरी खोडलं.

तेव्हापासून कुणी चित्राचा अर्थ विचारला तर मी बायकोकडे बोट दाखवतो. ऑफिसला निघताना मात्र रोज एकदा टेबलाखाली वाकून बघतो. मी जागेवर आहे ना, एवढंच!